‘आता मशीन नको’ हे वेळेवर कसं सांगायचं: डीएनआर, लिव्हिंग विल आणि शेवटच्या दिवसांतले निर्णय

कोकणात रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाला धाप लागली की पुढचं सगळं एकामागून एक आपोआप घडत जातं. १०८ ला फोन, ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, आणि तिथेही जमलं नाही तर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव, नाहीतर खाली गोव्यात बांबोळी. चिपळूण-दापोलीकडची माणसं डेरवण नाहीतर थेट मुंबई गाठतात. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारतं, “पुढे काय करायचं? मशीनवर ठेवायचं का?” उत्तर द्यायला असतो गाडीत सोबत आलेला पुतण्या. मुलगा मुंबईहून निघालेला असतो, घाटात रेंज नसते, आणि ज्याच्या जिवाबद्दल विचारताहेत त्याला बोलता येत नसतं.

असाध्य आजाराच्या रुग्णांची घरी जाऊन देखभाल करण्याच्या कामात हे मी पुन्हा पुन्हा पाहते. घरच्यांची माया कुठेच कमी पडत नाही. कमी पडतं ते आधी झालेलं बोलणं आणि लिहिलेला कागद. म्हणून पुढे जे सांगते आहे ते माणूस बोलता-चालता असतानाच करायचं आहे.

पहिली पायरी: कशाला ‘नको’ म्हणतोय ते नेमकं समजून घ्या

हृदय किंवा श्वास थांबला की डॉक्टर जे करतात त्याला सीपीआर म्हणतात. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल जाईल इतक्या जोराने दाब द्यावा लागतो. त्यासोबत गरजेप्रमाणे विजेचा झटका, इंजेक्शनं, घशातून श्वासनलिकेत नळी आणि मग व्हेंटिलेटर. धडधाकट माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर यानेच जीव वाचू शकतो, आणि तिथे एक क्षणही दवडायचा नाही. पण कॅन्सर सगळीकडे पसरलाय, किंवा वर्षानुवर्षांच्या आजाराने हृदय, फुप्फुसं, किडन्या सगळ्यांनीच हात टेकलेत, तेव्हा हृदय थांबणं हा त्या आजाराचा शेवट असतो. तिथे सीपीआरने मूळ आजार मागे हटत नाही. वृद्धांच्या फासळ्या मोडतात, आणि हृदय पुन्हा सुरू झालंच तरी पुढचे दिवस बहुतेक वेळा आयसीयूत, बेशुद्धीत जातात.

डीएनआर म्हणजे ‘हृदय थांबलं तर सीपीआर करू नये’ अशी डॉक्टरांनी केसपेपरवर केलेली नोंद. काही ठिकाणी तिला डीएनएआर म्हणतात, अर्थ तोच. ही नोंद फक्त सीपीआरपुरती असते. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, रक्त, वेदनेची औषधं, ड्रेसिंग, कूस बदलणं, सगळं चालू राहतं. ‘डीएनआर लिहिलं म्हणजे डॉक्टर आता ढुंकून बघणार नाहीत’ ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. तसं होत असेल तर ती त्या वॉर्डाची चूक आहे, आणि तिथल्या प्रमुख डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत एक काळजी जास्तीची घ्यायची. आपल्याकडे ‘सीपीआर’ म्हटलं की कोल्हापूरचं छत्रपती प्रमिला राजे रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. ‘सीपीआर नको’ याचा अर्थ नातेवाइकांनी ‘कोल्हापूरला न्यायचं नाही’ असा घेतलेला मी ऐकला आहे. म्हणून बोलताना आणि लिहिताना ‘हृदय थांबल्यावर छाती दाबू नये’ असं पूर्ण वाक्य वापरा.

आता दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. उपचार सुरूच न करणं किंवा सुरू असलेला व्हेंटिलेटर काढणं, म्हणजे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं, ठरवून दिलेल्या पद्धतीने कायद्यात बसतं. वर्तमानपत्रांत याला ‘निष्क्रिय दयामरण’ म्हणतात. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं मात्र भारतात गुन्हा आहे. कोणी कितीही कळवळून मागितलं तरी डॉक्टर ते देऊ शकत नाहीत, आणि तसं त्यांच्याकडे मागूही नये.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडून खरं चित्र मागून घ्या

“काय होतंय ते बघू” यावर समाधान मानू नका. ओपीडीच्या गर्दीत हे बोलणं होत नाही. वेळ मागून घ्या, घरातल्या दोघांनी मिळून जा आणि वही न्या. विचारायचे प्रश्न साधे आहेत. हा आजार बरा होण्यातला आहे का? नसेल, तर या उपचाराने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल, की दोन्ही नाही? आणखी सहा महिन्यांनी हे घरात कसे वावरत असतील, असं तुम्हाला वाटतं? अचानक बिघडलं तर कशाने बिघडेल, आणि त्या वेळी घरी काय करता येईल?

व्हेंटिलेटरची गोष्ट निघाली तर आणखी एक प्रश्न विचारा: “किती दिवसांनी आपण पुन्हा बसून ठरवायचं?” न्यूमोनियासारखं बरं होण्याजोगं कारण असेल तर काही दिवस मशीन लावून पाहणं शहाणपणाचं असतं. पण ‘तीन दिवसांनी, अमुक सुधारणा दिसली नाही तर पुढे वाढवायचं नाही’ हे मशीन लावायच्या आधी ठरलेलं बरं. हे न ठरवल्यामुळे घरच्यांचे आठवडे आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर जातात आणि आत नेमकं काय चाललंय हे कोणालाच सांगता येत नाही.

पैशांबद्दलही लाज न बाळगता विचारा. आंब्याची बाग गहाण टाकून चाललेला उपचार खरोखर उपयोगाचा आहे की नाही हे जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तिसरी पायरी: घरात बोला, आणि ज्याचं शरीर आहे त्याला आधी विचारा

सगळ्यात अवघड पायरी हीच. “तिन्हीसांजेक असला वायट बोला नको” म्हणून आपण विषय तोडतो. मुलं वडिलांपासून आजार लपवतात, वडील मुलांपासून भीती लपवतात, आणि एकाच घरात दोघे एकेकटे राहतात.

चाकरमानी गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतात, तेव्हा सगळं घर एकत्र असतं. विसर्जन झालं, पाहुणे पांगले की एक दुपार यासाठी काढा. सुरुवात मरणापासून करू नका. “बाबांनू, गेल्या खेपेक हॉस्पिटलात तुमका सगळ्यात जास्त त्रास कसलो झालो?” असं विचारलं की माणूस बोलतो. कोणी हात बांधून ठेवल्याचं सांगतो, कोणी नाकातल्या नळीचं, कोणी रात्रभर पेटलेल्या दिव्यांचं. त्यातूनच त्याला काय नको ते कळतं. मग दुसरा प्रश्न: “परत असा झाला, तर काय करूचा असा तुमका वाटता?” एका आजींचं उत्तर चार शब्दांचं होतं, “माका माझ्या घराक व्हरा.” त्या चार शब्दांवर त्यांच्या मुलांना पुढचे सगळे निर्णय घेता आले.

‘काय नको’ इतकंच ‘काय हवं’ हेही विचारा. कोणाला नातवाचं लग्न बघायचं असतं, आणि तोवर कितीही सुया टोचून घ्यायची तयारी असते. कोणाला शुद्ध राहायला हवी असते, थोडं दुखलं तरी चालेल म्हणतात. कोणाला समुद्राकडच्या पडवीत झोपायचं असतं. ही उत्तरं डॉक्टरांना सांगितली की उपचार त्याप्रमाणे बेतता येतात.

मग ठरवायचं, आपलं बोलणं थांबलं तर आपल्या वतीने कोणी बोलायचं. थोरल्या मुलाचाच मान, असं घर म्हणतं. पण निभावणारा माणूस वेगळा असू शकतो. जवळ राहणारी, रोज औषधं देणारी सून किंवा तालुक्याला दिलेली लेक बऱ्याचदा अधिक योग्य असते. तिच्याकडे हवं ते दोनच: आजाऱ्याची इच्छा आपल्या इच्छेपेक्षा वर ठेवण्याची ताकद, आणि फोन उचलण्याची खात्री. दोघांची नावं ठरवा, आणि बाकीच्या भावंडांना त्याच बैठकीत सांगा. ज्याला आधी सांगितलेलं नसतं तोच शेवटच्या दिवशी मुंबईहून उतरतो आणि “तुम्ही बापाला मारलंत” म्हणतो. त्याचं दुःख खरं असतं, पण तोवर बाकी सगळे मोडून गेलेले असतात.

देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, कौल लावायचा असेल तर लावा. मनाला त्याचा आधार असतो. फक्त आजाराबद्दलचे प्रश्न डॉक्टरांना आणि इच्छेबद्दलचे प्रश्न आजाऱ्याला विचारायचे राहू देऊ नका. कॅथलिक शिकवणुकीतही, फळापेक्षा ओझं जास्त असलेले असाधारण उपचार थांबवणं वेगळं आणि मरण घडवून आणणं वेगळं मानलं आहे. शंका असेल तर आपल्या पाद्रींशी बोला. मुसलमान घरांतही हा प्रश्न जाणकार मौलानांना विचारून मन मोकळं करून घेता येतं.

चौथी पायरी: कागद करा

असे उपचार नाकारण्याचा हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. २०१५ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा मर्यादित वाट उघडली. केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्यांची सेवा करत राहायचं होतं, म्हणून त्यांचे उपचार मात्र थांबवले गेले नाहीत. पुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, आणि ते इतकं किचकट होतं की फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते सोपं केलं. आज लागतं ते असं.

लिहिणारा सज्ञान, शुद्धीत आणि कोणाच्या दबावाखाली नसलेला हवा. कागदावर त्याने दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, वारसाशी संबंध नसलेले घ्या. शेजारचे निवृत्त मास्तर चालतील. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करायचा. तालुक्याच्या कोर्टाजवळ नोटरी बसतात. माणूस अंथरुणावर असेल तर ते घरी येतील का विचारा. न्यायालयाने ठराविक छापील नमुन्याची सक्ती केलेली नाही. मजकूर मराठीत, साध्या भाषेत, पण नेमका हवा. ‘मला त्रास देऊ नका’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. असं लिहिता येईल:

“मी पूर्ण शुद्धीत आणि स्वेच्छेने हे लिहीत आहे. मला बरा न होणारा आजार झाला, दीर्घ उपचारांनंतरही सुधारणेची आशा उरली नाही आणि मला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तर माझं हृदय थांबल्यावर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये. ठेवलं असल्यास काढावं. डायलिसिस करू नये. वेदना, धाप आणि घाबरेपणा कमी करणारी औषधं शेवटपर्यंत द्यावीत. या नकाराचे परिणाम मी समजून घेतले आहेत. हा कागद मला केव्हाही लेखी रद्द करता येतो हे मला माहीत आहे. मला बोलता येत नसेल तेव्हा माझ्या वतीने पुढील व्यक्तींनी निर्णय घ्यावा.”

खाली त्या व्यक्तींची नावं, नातं, पत्ता, फोन. एकाहून जास्त नावं द्या.

प्रती काढा. एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, एकेक नाव दिलेल्या व्यक्तींकडे. एक प्रत नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. महाराष्ट्रात असे अधिकारी (अभिरक्षक) नेमण्याचं काम २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर, मार्गी लागलं. गावपातळीवर अजून सगळ्यांना हे ठाऊक असेलच असं नाही; टेबलावरच्या माणसाने मान हलवली तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. गोव्यात तर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून राज्यातली पहिली नोंद केली.

दोन चुका टाळा. हा मजकूर मालमत्तेच्या मृत्युपत्रात घालू नका. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, आणि हे त्याआधी लागणार आहे. आणि मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रिपोर्टांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा, त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. मन बदललं तर नवा कागद करता येतो; एकापेक्षा जास्त असतील तर शेवटी सही केलेला धरतात. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्यात वेगळं आगाऊ निर्देशपत्र आहे; ते याच्याशी मिसळू नका.

पाचवी पायरी: दवाखान्यात गेल्यावर

दाखल करतानाच फाइल दाखवा आणि लिव्हिंग विल असल्याचं केसपेपरवर लिहून घ्या. आजारी माणूस शुद्धीत असेल तर त्याचा स्वतःचा शब्द सगळ्यांत मोठा. डॉक्टरांना त्याच्याशी बोलू द्या. “त्यांना काही सांगू नका” म्हणून दारात आडवे उभे राहू नका.

डीएनआरची नोंद उपचार करणारे डॉक्टर रुग्णाशी, आणि त्याला बोलता येत नसेल तर जवळच्या नातेवाइकांशी बोलून करतात. त्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कोर्टात जावं लागत नाही. तोंडी होकारावर थांबू नका. नोंद लिहिली गेली आहे का आणि रात्रपाळीच्या डॉक्टर-सिस्टरना ती माहीत आहे का, हे विचारा. प्रकृती सुधारली किंवा ऑपरेशन ठरलं तर ती पुन्हा तपासायला सांगा. दुसऱ्या रुग्णालयात हलवलं की जुनी नोंद आपोआप तिकडे लागू होत नाही. घाट चढण्याआधी रेफरल चिठ्ठीत ती लिहून घ्या आणि पोहोचल्यावर नव्याने बोला.

व्हेंटिलेटर काढण्यासारखा निर्णय असेल तर २०२३ च्या सुधारित पद्धतीप्रमाणे दोन वैद्यकीय मंडळं लागतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. तुमची संमती लागते, आणि अंमल करण्याआधी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. लिव्हिंग विल नसलं तरी हीच वाट, जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने, उपलब्ध आहे. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. छोट्या रुग्णालयात एवढे तज्ज्ञ मिळणं कठीण, हे खरं आहे. म्हणूनच मशीन लावायच्या आधी बोलणं आपल्याकडे जास्त मोलाचं.

सहावी पायरी: घरी न्यायचं ठरलं तर

आपल्याकडे बहुतेक घरं ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून रुग्णाला नेतात. त्या सहीबरोबर औषधांची चिठ्ठीही हातून जाते आणि मग माणूस घरी तळमळत राहतो. त्याऐवजी डॉक्टरांना सांगा, “आम्हाला शेवटचे दिवस घरी, आरामात घालवायचे आहेत, त्यासाठीची औषधं लिहून द्या.” यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जिल्हा रुग्णालयात त्याची सोय आहे का, जवळ कोण घरी येऊन बघतं, याची चौकशी घरी नेण्याआधी करा.

तीव्र वेदना आणि धाप यांवर मॉर्फिन हे उत्तम औषध आहे. ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. २०१४ च्या कायदेबदलानंतर त्याचे परवाने सोपे झाले. योग्य मात्रेत ते मरण ओढवत नाही. त्याने बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत मागा. धापेसाठी डोकं उंच करा, खिडकी उघडा, छोटा पंखा चेहऱ्यावर येईल असा लावा. याने खरंच बरं वाटतं.

खाणं थांबतं तेव्हा घरच्या बायकांचा जीव कासावीस होतो. “दोन घास पेज तरी” म्हणून भरवायला जातात आणि ती श्वासनलिकेत उतरते. शेवटच्या दिवसांत शरीरच भूक मागत नाही. उपासमारीने माणूस चालला आहे असं समजू नका. सलाईनने अशा वेळी अंगावर सूज आणि छातीत पाणी वाढू शकतं. ओल्या कापसाने ओठ आणि तोंड पुसत राहा, ओठांना खोबरेल लावा. गंगाजल आणि तुळशीपत्र, किंवा झमझमचं पाणी, थेंबभर ओठांवर लावलं तरी पोहोचतं, ओतू नका. शेवटी घशात घरघर होते ती साचलेल्या लाळेची. कुशीवर वळवा. आपल्याला ऐकवत नाही, पण त्या वेळी बहुधा त्यांना शुद्ध नसते. हात धरून बोलत राहा.

त्या घटकेला काय करायचं हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. घाबरून कोणीतरी १०८ लावतं, आणि येणारे डॉक्टर जीव वाचवण्याच्या तयारीनेच येतात. छाती दाबणं हे त्यांचं कर्तव्य आहे. म्हणून आधी कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.

नेहमीच्या डॉक्टरांना ‘घरी गेले तर प्रमाणपत्र द्याल ना?’ हेही आधीच विचारून घ्या. शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं असतं. ते घेऊन २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मृत्यूची नोंद करा. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नका. जिथून आणल्या त्या केंद्रात परत द्या.